मनाईचा कागद

(साकेत नगर, भोपाळ येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



संयोजकांनी मला दिलेला विषय आहे ‘अभिव्यक्ती-स्वातंत्र्य आणि इंटरनेटवरचे वाढते अवलंबित्व’. निमंत्रणपत्रिका पाहून एका स्नेह्यांनी विचारलेच, की हे तर दोन विषय झाले. पहिला वकिलांचा आणि दुसरा आईबापांचा. एकात घटनेचे १९वे कलम आणि दुसऱ्यात जेवतानाही मुलांच्या हातून न सुटणारा मोबाइल. मला तसे वाटत नाही. बोलण्याचे स्वातंत्र्य घटनेत लिहिलेले असते, पण ते चालते कुठल्या ना कुठल्या साधनावरून. छापखाना, रंगमंच, टपाल, ध्वनिक्षेपक, आणि आता फोन. ते साधन कोणाचे आहे, ते बंद झाले तर हाताशी दुसरे काही आहे का, आणि बंद करणाऱ्याला जाब विचारता येतो का, यावर ते स्वातंत्र्य किती उरते हे ठरते. म्हणून मी हा एकच विषय मानून बोलणार आहे.

सुरुवात आपल्या घरच्या माणसापासून करते. गजानन माधव मुक्तिबोध हे हिंदीतले मोठे कवी, पण घरची भाषा मराठी. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध तर मराठीचेच कवी, कादंबरीकार आणि समीक्षक. गजाननरावांचा जन्म १९१७ सालचा, श्योपूरचा, वाढ उज्जैन-इंदूरकडची, शेवटची नोकरी राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात. राजनांदगाव तेव्हा मध्य प्रदेशातच होते. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘भारत : इतिहास और संस्कृति’ नावाचे पुस्तक लिहिले. १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने त्यावर बंदी घातली. शासन म्हणजे कुठले, तर आपल्या याच शहरातले. हिंदी विभागात हे शिकवले जाते. मराठी विभागात क्वचितच कोणी सांगते. दोन वर्षांनी, १९६४ मध्ये, पक्षाघाताने आजारी पडलेल्या मुक्तिबोधांना भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात आणले गेले, तिथून दिल्लीला नेले, आणि ११ सप्टेंबरला ते गेले. त्यांचा पहिला कवितासंग्रह ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ त्याच वर्षी निघाला, पण तो त्यांनी पाहिला नाही.

या हकिगतीतल्या दोन गोष्टी मला आजच्या विषयासाठी हव्या आहेत. एक म्हणजे, बंदी अन्यायाची होती, पण ती बंदी होती. पुस्तकाचे नाव होते, शासनाचा आदेश होता, वर्ष होते. आज साठ वर्षांनंतरही आपण बोट ठेवून सांगू शकतो, की हे या शासनाने केले. आणि दुसरी, लेखक गेल्यावरही त्याचे कागद घरात होते. वह्या, सुटी पाने, पुन्हापुन्हा लिहिलेले खर्डे. त्यांतून १९८० मध्ये ‘मुक्तिबोध रचनावली’चे सहा खंड उभे राहिले. ज्याला जिवंतपणी एक संग्रह पाहायला मिळाला नाही, त्याचे सहा खंड निघाले ते कागदामुळे. तो कागद कोणाच्या परवानगीने घरात राहिलेला नव्हता.

मराठी नाटकांचेही तसेच झाले आहे. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसू लागला. १९१० मध्ये सरकारने नाटक बंद केले. कायदा ठरलेला होता, १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा. तेंडुलकरांचा ‘सखाराम बाइंडर’ १९७२ मध्ये परिनिरीक्षण मंडळाच्या कात्रीत सापडला, तेव्हा कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले, लढले आणि जिंकले. त्या लढ्याची कथा त्यांनी ‘बाइंडरचे दिवस’मध्ये लिहून ठेवली आहे. विद्यार्थ्यांनी ती जरूर वाचावी. कोर्टकचेरीचे इतके रसाळ पुस्तक मराठीत दुसरे मला माहीत नाही. पण सारंग कोर्टात जाऊ शकले ते कशामुळे? समोर मंडळ होते, मंडळाचे नियम होते, कुठले शब्द गाळा याची लेखी मागणी होती. आव्हान द्यायला हातात काही तरी होते. मी त्याला मनाईचा कागद म्हणते.

आता आणीबाणीची एक गोष्ट. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीच्या बहादूरशाह जफर मार्गावरच्या वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली. तिथली बहुतेक मोठी वृत्तपत्रे सकाळी निघू शकली नाहीत. पण ‘हिंदुस्तान टाइम्स’ आणि ‘स्टेट्समन’ निघाले. त्यांच्या संपादकांचे धैर्य इतरांहून अधिक होते असे मुळीच नाही. त्यांची कार्यालये कॅनॉट प्लेसच्या बाजूला होती आणि त्यांना वीज दुसऱ्या यंत्रणेकडून मिळत होती, एवढेच. इतिहासाच्या पुस्तकात ही तळटीप असते. मला ती मुख्य मजकुराइतकी महत्त्वाची वाटते. त्या सकाळी दिल्लीकरांच्या हातात जे काही पडले, ते सगळे छापखाने एका तारेवर नव्हते म्हणून पडले. त्याच वर्षी डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या, त्यालाही समोर बसलेली माणसे आणि एक मांडव एवढेच पुरले.

एवढे ऐकून कोणाला वाटेल, की या बाई आता कागदाची आरती करणार आणि इंटरनेटला शिव्या देणार. तसे नाही. भोपाळच्या मराठी माणसाने तर इंटरनेटला शिव्या देऊच नयेत. १ नोव्हेंबर १९५६ ला नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी झाली, आणि नागपूर-ग्वाल्हेरकडून कचेऱ्यांबरोबर मराठी कुटुंबे इथे आली. मग ‘भेल’ आले, त्याबरोबर आणखी आली. ज्यांचे बालपण त्या घरांमध्ये गेले त्यांना आठवत असेल, नागपूरचे वर्तमानपत्र शिळे होऊन यायचे, दिवाळी अंक एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी फिरत संक्रांतीपर्यंत पोचायचा, आणि तोवर शब्दकोडे कोणीतरी सोडवून ठेवलेले असायचे. मराठीत काही लिहिलेच, तर ते पाठवायचे कुठे? पुण्या-मुंबईचे संपादक. साभार परतीचे पाकीट. आपले वाक्य हिंदीच्या वळणावर गेले आहे असा शेरा. १९९५ मध्ये सामान्य लोकांसाठी इंटरनेट भारतात आले, १९९६ मध्ये ‘मायबोली’ सुरू झाली, आणि हळूहळू ही फाटकाबाहेर उभे राहण्याची पाळी संपली. साकेत नगरातल्या गच्चीवर बसून लिहिलेले सिंगापूर आणि सांगली एकाच वेळी वाचू लागली. हे लहान स्वातंत्र्य नाही. परप्रांतातल्या मराठीला ते प्रथमच मिळाले.

आणि यवतमाळ आठवा. जानेवारी २०१९, ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. उद्‍घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावले. विरोध होईल, संमेलन उधळले जाईल अशी कारणे पुढे आली आणि दिलेले निमंत्रण मागे घेतले. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी अध्यक्षीय भाषणात या प्रकाराबद्दल स्पष्ट नापसंती व्यक्त केली. उद्‍घाटन वैशाली येडे यांच्या हातून झाले, आणि एका शेतकऱ्याच्या विधवेने त्या व्यासपीठावरून जे सांगितले तेही ऐकण्यासारखे होते. पण सहगलबाईंच्या भाषणाचे काय झाले? ते आधीच लिहून तयार होते. त्याचा मराठी अनुवाद वर्तमानपत्रांतून आणि फोनाफोनांतून सगळीकडे गेला. मांडवात बसून जेवढ्यांनी ऐकले असते त्याहून किती तरी अधिक लोकांनी तो वाचला. माझ्या महाविद्यालयात, जिथे मराठीचे विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजता येतात, तिथे त्या भाषणावर चक्क वाद झाला. निमंत्रण नाकारणाऱ्यांना हे अभिप्रेत नसावे.

तेव्हा इंटरनेटने दार उघडले, हे मान्य. मला आज दाराच्या मालकाविषयी बोलायचे आहे.

पालघरचे प्रकरण बहुतेकांना माहीत आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार वाक्ये लिहिली, तिच्या मैत्रिणीने ती पसंत केली, आणि दोघींना अटक झाली. लिहिणारीला अटक झाल्याचे इतिहासात पुष्कळ दाखले आहेत. नुसती मान डोलावणारीलाही अटक, हे नवीनच होते. पुढे हे प्रकरण मागे घेतले गेले, पण त्यातून श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने केलेली याचिका उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम घटनाबाह्य ठरवले. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि वाजवायलाच हव्या होत्या. जाता जाता सांगते, त्या रद्द झालेल्या कलमाखाली पुढेही गुन्हे नोंदवले जात राहिले, आणि २०२१ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयालाच त्याचा धक्का बसला. कायदा मेला तरी ठाण्यातल्या वहीतून जात नाही.

मात्र त्याच निकालातला दुसरा भाग टाळ्यांच्या आवाजात कमी ऐकू आला. ६९अ हे कलम न्यायालयाने कायम ठेवले. या कलमाखाली सरकार इंटरनेटवरचा मजकूर बंद करायला सांगू शकते. न्यायालयाचे म्हणणे असे, की इथे कारणे लेखी नोंदवावी लागतात, समिती असते, म्हणजे आव्हान देता येईल. तर्क बरोबर आहे. पण २००९ च्या नियमांतला सोळावा नियम म्हणतो, की तक्रारी आणि त्यांवरची कारवाई गोपनीय ठेवायची. म्हणजे मनाईचा कागद आहे, पण तो कपाटात आहे. ज्याचे लिखाण गेले त्याला आदेश पाहायला मिळेलच असे नाही. सारंगांना मंडळाने ‘तुमच्या नाटकाला काहीतरी आक्षेप आहे, काय ते सांगणार नाही’ असे उत्तर दिले असते, तर ते कोर्टात काय घेऊन गेले असते?

२९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ ॲप बंद झाली, तीही याच कलमाखाली. कारण देशाच्या सुरक्षेचे सांगितले गेले, यादी जाहीर झाली. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेत मी शिरत नाही, तो माझा प्रांत नाही. पण त्या टिकटॉकवर कोण होते, हे आपण साहित्यिक मंडळींनी कधी नीट पाहिले का? शेतात उभे राहून विनोद करणारे जोडपे, लावणीच्या फडातली मुलगी, अहिराणीत नक्कल करणारा रिक्षावाला. ज्यांना आपल्या संमेलनात व्यासपीठ सोडाच, खुर्चीही मिळाली नसती, असे लोक. आपण नाके मुरडली. त्यांचे प्रेक्षक आणि त्यांचा दोन-तीन वर्षांचा ऐवज एका रात्रीत दिसेनासा झाला, आणि मराठीच्या एकाही चर्चासत्रात, निदान मी गेले त्या एकाही चर्चासत्रात, त्यावर निबंध वाचला गेला नाही. एका कंपनीच्या कोठारात सगळे धान्य ठेवले की कोठाराला कुलूप लागल्यावर शेतकऱ्याला विचारण्याचा प्रश्नच येत नाही.

आणि कुलूप दर वेळी सरकारच लावते असेही नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले ते कंपनीने धंद्याचा हिशोब करून. पहिल्या काळातली कितीतरी मराठी संकेतस्थळे आज उघडली तर अक्षरे वाचताच येत नाहीत, कारण ती ज्या खासगी फॉन्टमध्ये लिहिली होती ते फॉन्ट आता कोणाकडे नाहीत. मोडी तरी शिकता येते. यांचे काय करायचे?

आता आपल्या वसाहतीतली गोष्ट सांगते. इथल्या काही जणांना ती ठाऊक आहे. साकेत नगरातल्या आमच्या वाचन-गटाने काही वर्षांपूर्वी ज्येष्ठांच्या आठवणी फोनवर ध्वनिमुद्रित करायला घेतल्या. चौदा जणांच्या झाल्या. १९५६ मध्ये फायलींच्या पेट्यांबरोबर नागपूरहून आलेले एक आजोबा होते, ‘भेल’च्या वसाहतीत पहिला गणपती कसा बसला ते सांगणाऱ्या एक काकू होत्या, आणि डिसेंबर १९८४ च्या त्या रात्रीबद्दल, गॅसच्या रात्रीबद्दल, बोललेल्या तिघी होत्या. त्यांतल्या एक आजी स्टेशनजवळ राहायच्या. त्या काय बोलल्या ते मी इथे सांगणार नाही, त्या ज्या मराठीत बोलल्या ते सांगते. ‘लोक पळत चालले गेले’, ‘मी दरवाजा लावून टाकला’, ‘मग एकदम सन्नाटा’. पुण्याच्या व्याकरणात न बसणारी, भोपाळच्याच मराठीत शक्य असलेली वाक्ये. त्या रात्रीवर हिंदीत, इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे. मराठी घरांतले शब्द मात्र फार थोड्या ठिकाणी नोंदले असतील.

ही मुद्रणे आम्ही एका मोठ्या कंपनीच्या व्यासपीठावर, गटाच्या पानावर ठेवली होती. फुकट होते, सोपे होते, नातवंडे अमेरिकेतून ऐकत. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी पान नाहीसे झाले. इंग्रजीत चार ओळींची सूचना, की आपण आमच्या नियमांचा भंग केला आहे. कुठला नियम, कुठल्या मुद्रणात, कुठल्या वाक्यात, काही नाही. ‘फेरविचारासाठी इथे दाबा’ असे होते. दाबले. चहा होईपर्यंत उत्तर आले, की आम्ही फेरविचार केला आहे आणि निर्णय कायम आहे. इतक्या वेळात चौदापैकी एकही मुद्रण पूर्ण ऐकून होत नाही. ऐकले असेल तर कोणी ऐकले, त्याला मराठी येत होते का, की ते माणूसच नव्हते? मृत्यूचे वर्णन खटकले, की शिमग्याच्या आठवणीतल्या शिव्या? आजपर्यंत कळलेले नाही. आमच्या गटातले एक निवृत्त अधिकारी, ज्यांनी आयुष्यभर ‘सविनय सादर’ लिहिले, ते आठवडाभर अर्ज कोणाच्या नावे करायचा ते शोधत होते. त्यांना पत्ताच सापडला नाही. सरकारी कचेरीतही अर्ज निदान आवक क्रमांक घेतो.

हे सांगताना मला एका वेगळ्याच घटनेची आठवण होते, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. बाजाराचा रविवार. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते, बहुतेक मूळचे सोलापूरकडचे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे असा संदेश फोनाफोनांवर फिरत होता. जमावाने त्यांना पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. पाचही. ज्यांना इंटरनेट म्हणजे निव्वळ मुक्त अभिव्यक्तीचा उत्सव वाटतो, त्यांनी राईनपाड्याकडे पाहावे. त्या संदेशाला लेखक नव्हता. कोणी लिहिला, कुठे, कधी, कशावरून, काही नाही. समोर हाडामांसाचे पाच लोक होते, आणि त्यांच्यापेक्षा हातातल्या निनावी मजकुरावर लोकांचा विश्वास अधिक बसला. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा चांगलीच आहे. पण ती त्या पाच घरांना उशिरा पोचली.

निनावी संदेश आणि निनावी मनाई ही मला एकाच जातीची वाटतात. एकात बोलणारा दिसत नाही, दुसऱ्यात तोंड दाबणारा दिसत नाही, आणि दोन्हींकडे आपण हातातल्या काचेवर जे उमटेल ते खरे मानायला शिकलो आहोत.

अशा अफवांचा धाक दाखवूनच मग इंटरनेट सरसकट बंद केले जाते. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात झाले. काही तरुणांनी फोनवर ठेवलेल्या स्टेटसवरून तणाव वाढला, बंद पुकारला गेला, दगडफेक आणि लाठीमार झाला, आणि जिल्ह्यातले इंटरनेट थांबवले गेले. प्रशासनाची अडचण मी समजू शकते. राईनपाडा कोणालाच पुन्हा नको आहे. पण अफवा थांबवण्यासाठी जी कळ दाबली जाते, तीच कळ अफवा खोटी आहे हे सांगणाऱ्याचे तोंडही बंद करते. दवाखान्याची वेळ, भाजीवाल्याचे पैसे, मुलाच्या परीक्षेचा अर्ज, सगळे त्याच तारेवर. काश्मीरच्या बंदीसंबंधीच्या अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की इंटरनेटवरून केलेल्या अभिव्यक्तीलाही घटनेचे संरक्षण आहे, बेमुदत बंदी चालणार नाही, आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. त्यातले शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. आदेश प्रसिद्ध करा. कागद दाखवा.

या अवलंबित्वाची एक घरगुती बाजूही आहे, आणि शिक्षक म्हणून तीच मला रोज दिसते. मागे आमच्या एका सहकाऱ्यांचे निधन झाले. महाविद्यालयाच्या गटावर एकशे बारा संदेश आले. त्यांतले नव्वदहून अधिक ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. ‘भा’ टाइप केला की फोन बाकीचे स्वतःच पुरवतो. या सहकाऱ्यांनी तीस वर्षे शिकवले, त्यांच्या चष्म्याची एक काडी कायम दोऱ्याने बांधलेली असे, ते पोरांना परीक्षेच्या दिवशी केळी आणून देत. त्यातले एक अक्षर कोणी लिहिले नाही. कोणी मनाई केली होती? आता तर निबंधही यंत्र लिहून देते, व्याकरणशुद्ध, नम्र, कोणाचाही. विद्यार्थी मला म्हणतात, मॅडम, आमच्यापेक्षा ते चांगले लिहिते. मी त्यांना सांगते, चांगले लिहीत असेल, पण केळ्यांचे त्याला माहीत नाही. अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य मागायचे तर आधी स्वतःची अभिव्यक्ती असावी लागते, हे मी कोर्टाला नाही सांगू शकत, वर्गात सांगू शकते.

मग करायचे काय? फोन फेकून द्या असे मी म्हणणार नाही. या व्याख्यानाचे निमंत्रणही तुम्हाला फोनवरच आले आहे. मला एवढेच सुचते, की सगळे एका तारेवर ठेवू नका. जे लिहाल, त्याची एक प्रत आपल्या घरात असू द्या. कागदावर असेल तर उत्तम. नाहीतर कंपनीच्या कृपेवर अवलंबून नसलेल्या साठ्यावर, युनिकोडमध्ये. मंडळांनी सभासदांचे फोन क्रमांक आहेतच, टपालाचे पत्तेही ठेवावेत. अकादमीकडे माझी एक स्पष्ट मागणी आहे. आपला वार्षिकांक छापील राहू द्या, कितीही कोणी जुनाट म्हटले तरी. आणि त्याबरोबर मध्य प्रदेशातल्या मराठीचा एक श्राव्य संग्रह उभा करा, इंदूर, ग्वाल्हेर, देवास, जबलपूर, भोपाळ, प्रत्येकाच्या बोलीचा, ज्याच्या प्रती निदान दोन वेगळ्या गावांतल्या ग्रंथालयांत असतील. अकादमी सार्वजनिक पैशावर चालते. उद्या अकादमीनेच एखादे मुद्रण नाकारले तर मला कारण लेखी मागता येईल, माहितीच्या अधिकारात अर्ज करता येईल, भांडता येईल. त्या कंपनीशी मला भांडताही आले नाही.

आमच्या चौदा मुद्रणांपैकी नऊ आजवर परत मिळाली आहेत. कोणाच्या जुन्या फोनमध्ये, कोणाच्या मुलीच्या लॅपटॉपवर, एक तर न्यू जर्सीतल्या नातवाकडे. उरलेल्या पाचांपैकी तिघे आता आपल्यात नाहीत. स्टेशनजवळच्या आजी आहेत. त्या एकोणनव्वद वर्षांच्या आहेत, आणि मागच्या महिन्यात पुन्हा बोलल्या. पहिल्या वेळी त्यांनी दरवाजा लावून घेतल्याचे सांगितले होते. या वेळी सांगितले, की लावल्यावर कोणीतरी तो वाजवत होते. हे त्या पहिल्यांदा बोलल्या नव्हत्या. दीड तास बोलल्या, मधे दोनदा पाणी प्यायल्या.

ते मुद्रण तीन ठिकाणी ठेवले आहे, आणि ऐकून उतरवून काढण्याचे काम माझ्या दोन विद्यार्थिनी करत आहेत. हाताने, वहीत. बाहेर दाराशी टेबलावर अशीच एक वही ठेवलेली आहे. ज्यांच्या घरात जुनी पत्रे, रोजनिश्या, कॅसेटी असतील किंवा बोलू इच्छिणारे कोणी ज्येष्ठ असतील, त्यांनी नाव आणि पत्ता लिहून जावा. पत्ता म्हणजे घराचा.